मधली लाल गाठ

स्प्रिंग ताईनं आणली होती. ती भौतिकशास्त्र शिकवते. दुसऱ्या दिवशी वर्गात लाटांचा धडा होता आणि त्याआधी तिला घरी एकदा सगळं करून बघायचं होतं. फरशीवर आम्ही दोघी समोरासमोर बसलो. एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या, आणि मधे ताणून धरलेली पाचेक मीटरची पोलादी स्प्रिंग. ताईनं मनगटाला झटका दिला. स्प्रिंगला एक बाक आला आणि तो सळसळत माझ्या हातापर्यंत पोचला. बोटांना धक्का जाणवला.

"आता दोघींनी एकदम," ती म्हणाली. "मी माझ्या उजवीकडे झटका देते, तू तुझ्या उजवीकडे दे."

समोरासमोर बसल्यावर तिचं उजवं ते माझं डावं. त्यामुळे विरुद्ध बाजूंना फुगलेले दोन बाक एकमेकांच्या रोखानं निघाले. मधोमध त्यांची भेट झाली आणि स्प्रिंग सरळ झाली. पट्टी धरून रेघ ओढावी इतकी सरळ. पापणी लवते न लवते तोच दोन्ही बाक परत उगवले आणि पुढे निघून गेले. तिचा माझ्या हातावर येऊन थडकला, माझा तिच्या.

आम्ही ते वीसेक वेळा केलं असेल. मला पुरे म्हणवेना.

शाळेत हे मी पाठ केलं होतं. एका लाटेचं शिखर दुसरीच्या शिखरावर आलं तर लाट मोठी होते, शिखर गर्तेवर आलं तर दोन्ही नष्ट होतात, या घटनेला व्यतिकरण म्हणतात. त्यातल्या 'नष्ट' या शब्दावर मी तेव्हा अडले नव्हते. आता फरशीवर बसून बघताना तो खुपायला लागला. नष्ट झालेली गोष्ट क्षणभरानं जशीच्या तशी परत कशी येईल? स्प्रिंग सरळ झाली त्या क्षणी तिच्या अंगावर बाकाची एक खूण उरलेली नसते. मग आता एक बाक इकडे, एक तिकडे, आणि एवढ्याच उंचीचा उगवायचा आहे, हे तिच्या लक्षात कुठे राहतं?

ताईला विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही. शिवणाच्या डब्यातून लाल दोरा आणला आणि स्प्रिंगच्या बरोब्बर मधल्या वेटोळ्याला गाठ मारली. एका उंच स्टुलावर फोन ठेवला, कॅमेरा खाली रोखला, स्लो मोशन लावलं, आणि आम्ही पुन्हा झटके दिले.

मग ते चित्रण एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिलं. बाक जवळ आले, एकमेकांत शिरले, बुटके झाले. आणि मग ती फ्रेम आली जिच्यात स्प्रिंग सरळ आहे. मी दोन बोटांनी ती मोठी केली. लाल गाठ स्वच्छ होती, दोऱ्याचं सुटलेलं टोकसुद्धा दिसत होतं. पण गाठीच्या दोन्ही अंगांना वीतभर वेटोळी पुसट झाली होती, ओल्या शाईवरून हात फिरावा तशी. कॅमेऱ्याला ती धरता आली नव्हती, कारण ती पळत होती.

स्प्रिंग सरळ होती, पण थांबलेली नव्हती.

झोका खाली, अगदी मधोमध येतो तेव्हा तो रिकाम्या, टांगलेल्या झोक्यासारखाच दिसतो. फोटो अगदी स्वच्छ निघाला तर दोन्हींत फरक करता येणार नाही. पण त्याच जागी त्याचा वेग सगळ्यात जास्त असतो, आणि त्या वेगाच्या जोरावरच तो पलीकडे चढतो. स्प्रिंगचंही तसंच. दोन बाक एकमेकांवर आले तेव्हा त्यांच्या आकारांची बेरीज झाली आणि ती शून्य आली. पण वेगांचीही बेरीज झाली, आणि ती दुप्पट आली. आकारात दिसत होतं ते सगळं त्या क्षणापुरतं वेगात जाऊन बसलं होतं. आम्ही नुसता आकार बघत होतो, म्हणून आम्हाला काहीच दिसलं नाही.

मला वाटलं, प्रश्न सुटला. ताईला वाटलं नव्हतं.

"ती गाठ बघ," ती म्हणाली. "पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत हलली का?"

नव्हती हलली. दोन्ही बाक तिच्यावरून गेले होते आणि तिला पत्ताच नव्हता. एक बाक तिला इकडे ओढत होता त्याच वेळी दुसरा तेवढंच तिकडे ओढत होता.

"मग जी गाठ हललीच नाही तिच्यातून माझा बाक तुझ्याकडे आला कसा? कशावरून तो पलीकडे गेला? गाठीवर आपटून, उलटा होऊन, माझा बाक माझ्याकडेच परत आला असेल. तुझा तुझ्याकडे."

मी गप्प झाले. स्प्रिंग मधोमध खिळ्यानं जमिनीला ठोकली असती तर हेच झालं असतं. खिळ्यावर आपटलेला बाक उलट्या बाजूला फुगून परत फिरतो. म्हणजे आम्ही जे पाहिलं ते दोन बाक एकमेकांतून आरपार जाण्याचं दृश्य होतं की दोन बाक मागे फिरण्याचं? डोळ्यांना सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, पुन्हा करू, पण या वेळी तू मोठा झटका दे, मी लहान देते.

दिले. या खेपेला गाठ हलली. आणि ताईच्या मोठ्या, रुंद बाकाच्या पोटातून माझा छोटासा बाक बाहेर पडला, छोटाच, आणि तिच्या हातापर्यंत गेला. म्हणजे आरपारच जातात. पण बाक सारखे असतात तेव्हा 'आरपार गेले' आणि 'मागे फिरले' ही दोन्ही वर्णनं स्प्रिंगच्या बाबतीत अक्षरशः एकच असतात. त्यात डावं-उजवं करायला स्प्रिंगकडे काही साधनच नाही. ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून गेली नाही.

इंग्रजीत या घटनेला इंटरफिअरन्स म्हणतात, म्हणजे सरळ अर्थ घेतला तर ढवळाढवळ. मला ते नाव पटत नाही. लाटा एकमेकींच्या अध्यात नसतात की मध्यात नसतात. त्या एकाच जागी, एकाच वेळी असतात आणि ती जागा दोघींचं म्हणणं एकत्र करून हलते. पुढे गेल्यावर कुणाच्याही अंगावर दुसरीचा ओरखडा नसतो. पावसाचे पहिले थेंब साचलेल्या पाण्यावर पडताना नीट पाहिलं तर हे दिसतं: शंभर वर्तुळं एकमेकांना छेदत मोठी होत जातात आणि एकही वर्तुळ मोडत नाही.

---

तो 'नष्ट' शब्द डोक्यात घोळत असताना मला माझे स्पीकर आठवले.

घर बदललं तेव्हा स्पीकरच्या वायरी मी स्वतः जोडल्या होत्या, कपाटामागे हात घालून, अंदाजानं. नंतर काही आठवडे गाणी पोकळ वाटत राहिली. गायिकेचा आवाज दोन स्पीकरच्या मधून यायला हवा, तो धड कुठूनच येत नव्हता, आणि ढोलाचा खालचा घुमारा तर जवळजवळ नाहीसाच झाला होता. मी खोलीला दोष दिला, पडदे बदलले. शेवटी एकदा बॅटरी घेऊन कपाटामागे डोकावले तेव्हा कळलं, एका स्पीकरची लाल आणि काळी वायर उलटी लागली होती. अदलाबदल केली आणि खर्ज जमिनीतून वर यावा तसा परत आला.

दोन्ही स्पीकर धडधाकट होते आणि दोन्ही पूर्ण जोर लावून वाजत होते. फक्त एकाचा पडदा पुढे येत होता तेव्हा दुसऱ्याचा मागे जात होता. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. सेकंदाला ५० कंपनांचा खर्ज घेतला तर त्याच्या एका लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर भरते. त्या मानानं दोन स्पीकरमधलं अंतर किरकोळ. एक हवा ढकलतोय, शेजारचा तेवढीच ओढून घेतोय, तर हवा या पडद्यापासून त्या पडद्याकडे नुसती सरकत राहते. खोलीत लाट जातच नाही. झांजेच्या किणकिणीची लाट काही सेंटिमीटरचीच, त्यामुळे ती एका कानाशी विरते तर दुसऱ्या कानाशी दुणावते. तिचं फारसं बिघडत नाही.

म्हणजे इथेही काही नष्ट झालं नव्हतं. जे बाहेर पडायला हवं होतं ते मुळात बाहेरच पडलं नाही.

माझ्या चष्म्यात या हिशोबाची दुसरी बाजू आहे. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून समोरून पडलेल्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के परत फिरतो. चष्म्याच्या किंवा कॅमेऱ्याच्या भिंगावर अतिशय पातळ लेप देतात. साध्यात साधा लेप हिरव्या प्रकाशाच्या लाटेच्या एक चतुर्थांश जाडीचा, म्हणजे जेमतेम १०० नॅनोमीटर. लेपाच्या वरच्या अंगावरून फिरलेली लाट आणि खालच्या अंगावरून फिरलेली लाट, दुसरीला जाऊन-येऊन अर्ध्या लाटेचा उशीर झालेला, अशा दोघी भेटतात आणि परतीचा प्रकाश विरतो. मग तो गेला कुठे? आत. भिंगातून तेवढा जास्त प्रकाश पार होतो. काच चमकायची थांबते आणि नेमकी तेवढीच अधिक दाखवायला लागते. सगळ्या रंगांना एकच जाडी लागू पडत नाही, म्हणून चष्मा तिरका धरला की त्यावर हिरवट किंवा जांभळट झाक उरलेली दिसते.

दोन बारीक फटींतून प्रकाश पडद्यावर पाडला की उजेडाचे आणि काळोखाचे आलटून पालटून पट्टे उमटतात. एका फटीमुळे पडणारा उजेड १ धरला, तर उजळ पट्ट्याच्या मध्यावर दोन फटींचा मिळून २ होत नाही, ४ होतो, कारण लाटेची उंची दुप्पट झाली की तेज चौपट होतं. काळ्या पट्ट्याच्या मध्यावर ०. सरासरी काढा, २ येते. काळ्या पट्ट्याचं जे हरवलं ते शेजारच्या उजळ पट्ट्याच्या खात्यावर जमा आहे. मी हा हिशोब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मला इतका आनंद झाला की रात्री उशीर झाला असूनही ताईला फोन केला. तिला अर्थातच माहीत होतं. तरी तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

---

हे सगळं आधी प्रकाशात सापडलं असेल असं मला वाटायचं. पण सुरुवात समुद्रापासून झाली.

समुद्राच्या या बेरजेला मराठीत फार नेमके शब्द आहेत: उधाण आणि भांग. चंद्रामुळे येणारी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी परत येते, सूर्यामुळे येणारी १२ तासांनी. सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोन्ही भरत्या एकाच वेळी चढतात आणि पाणी उधाणतं. सप्तमी-अष्टमीला चंद्राची भरती असते तेव्हा सूर्याची ओहोटी असते, चंद्राचं काम सूर्य अर्धंमुर्धं खोडून काढतो, ती भांगाची भरती.

मला हे कळलं ते गिटारच्या तारा लावताना. जाड तार पाचव्या पट्टीवर दाबली की तिचा सूर शेजारच्या मोकळ्या तारेशी जुळायला हवा, सेकंदाला ११० कंपनं. दाबलेल्या तारेची १०८ होत असतील तर दोन सूर वेगवेगळे ऐकू येत नाहीत. एकच सूर येतो आणि तो हेलकावतो, वाँव, वाँव, सेकंदाला दोनदा. दोन्ही तारांच्या लाटा कधी हातात हात घालून चालतात, कधी एकमेकींच्या उलट. खुंटी हळूहळू पिळत गेलं की हेलकावे लांबत जातात, सेकंदाला एक, मग दोन सेकंदांना एक, आणि मग तो झोकाच विरून सूर सपाट, भरीव होतो. मी डोळे मिटून हे ऐकते. कानाला दोन सुरांमधला तो बारीकसा फरक एरवी सांगता आला नसता, पण हेलकावा कुणीही मोजू शकतं. उधाण आणि भांग म्हणजे असाच हेलकावा. चंद्र आणि सूर्य या दोन तारा किंचित वेगळ्या लागलेल्या आहेत, आणि त्यांचा एक 'वाँव' पावणेपंधरा दिवसांचा आहे.

१६८७ साली न्यूटननं 'प्रिन्सिपिया' या आपल्या ग्रंथात टोंकिनच्या आखातातल्या एका बंदराचा उल्लेख केला. आजच्या उत्तर व्हिएतनामचा तो किनारा. तिथे दिवसातून दोन ऐवजी एकच भरती येते आणि चंद्र विषुववृत्तावर असतो तेव्हा तीही येत नाही, अशी खलाशांची निरीक्षणं खगोलशास्त्रज्ञ हॅलीमार्फत त्याच्यापर्यंत पोचली होती. न्यूटनचं म्हणणं असं: या बंदरात भरती दोन वाटांनी येते, आणि एका वाटेनं सहा तास जास्त लागतात. एकीची भरती पोचते तेव्हा दुसरीची ओहोटी असते. आज त्या आखाताचं पाणी याहून गुंतागुंतीच्या रीतीनं समजावलं जातं. पण दोन भरत्या भेटून पाणी निवांत राहू शकतं, हे त्यानं लिहून ठेवलं.

दीडशे वर्षांनी, १८३६ मध्ये, विल्यम ह्यूएल या इंग्लिश शास्त्रज्ञानं दोन्ही किनाऱ्यांवरच्या भरतीच्या वेळा नकाशावर मांडल्या आणि सांगितलं की उत्तर समुद्राच्या दक्षिण भागात, इंग्लंड आणि नेदरलँड्सच्या मधे, अशी एक जागा असली पाहिजे जिथे भरती-ओहोटी जवळजवळ नसेल. १८४० मध्ये कॅप्टन विल्यम ह्यूएट जहाज घेऊन तिथे गेला आणि भर समुद्रात तळाची खोली पुन्हा पुन्हा मोजत बसला. पाणी जवळपास चढलं-उतरलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात वादळात त्याचं जहाज सगळ्या माणसांसकट बुडालं. त्या माणसाबद्दल मला फार वाटतं. काहीच न घडण्याची एक जागा शोधून, तिथे थांबून, खरोखरच काही घडत नाही याची खात्री त्यानं करून घेतली.

पण त्या जागी पाण्याची पातळी बदलत नसली तरी पाणी वाहतं. भरतीचे प्रवाह तिथूनही ये-जा करतात. फोनवरच्या त्या सरळ फ्रेमसारखंच.

समुद्र नेहमी असा हिशोबात राहत नाही, हेही सांगितलं पाहिजे. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातल्या ड्रॉप्नर या नैसर्गिक वायूच्या फलाटावरच्या यंत्रानं २५.६ मीटर उंचीची लाट नोंदवली. आजूबाजूच्या मोठ्या लाटा साधारण १२ मीटरच्या होत्या. वेगवेगळ्या दिशांच्या, वेगवेगळ्या लांबीच्या लाटांची शिखरं एका ठिकाणी जमली तर असा डोंगर उभा राहू शकतो. मात्र इतक्या उंच, उभ्या चढाच्या लाटांना साधी बेरीज पुरत नाही. त्या एकमेकींचा आकार बदलतात आणि शेवटी फुटतात. लाटा एकमेकींच्या अध्यात-मध्यात नसतात असं मी वर म्हटलं ते बेताच्या उंचीच्या लाटांबद्दल खरं आहे.

---

थॉमस यंग हा डॉक्टर. जन्म १७७३ चा. माणसाचा आवाज कसा निर्माण होतो यावर त्यानं अभ्यास केला होता, तिथून तो ध्वनीकडे आणि ध्वनीकडून प्रकाशाकडे वळला. ध्वनीत हेलकावे येतात, समुद्रात भरतीला भरती खोडते, मग प्रकाशाला प्रकाश का खोडणार नाही? टोंकिनच्या आखाताचं ते उदाहरण त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

१८०३ च्या नोव्हेंबरात रॉयल सोसायटीपुढे त्यानं जो प्रयोग सांगितला तो दोन फटींचा नव्हताच. खिडकीच्या दाराला भोक, त्यावर जाड कागद, कागदाला बारीक सुईनं टोचलेलं छिद्र. त्यातून आलेल्या उन्हाच्या कवडशात त्यानं कार्डाची एक पट्टी कडेनं धरली, इंचाच्या तिसाव्या भागाएवढ्या रुंदीची, म्हणजे मिलिमीटरभरही नाही. पट्टीच्या दोन्ही बाजूंनी प्रकाश पुढे गेला, सावलीत वळला, आणि सावलीच्या आत उजेडा-काळोखाच्या रेघा उमटल्या. मग त्यानं पट्टीच्या एका बाजूचा प्रकाश अडवला. रेघा गेल्या. दुसऱ्या बाजूचा प्रकाश अजून तसाच येत होता, तरी रेघा गेल्या.

मी या वाक्यापाशी दर वेळी थांबते. प्रकाश कमी केला म्हणून काळ्या रेघा पुसल्या गेल्या. म्हणजे तिथला काळोख दोन्ही बाजूंनी येणाऱ्या प्रकाशानंच केला होता.

मग खोलीत दोन दिवे लावले तर भिंतीवर काळे पट्टे का पडत नाहीत? कारण दिव्यातला प्रकाश ही एक सलग लाट नसते. असंख्य अणू आपापले छोटे छोटे तुकडे सोडत असतात आणि दोन दिव्यांमधलं नातं सेकंदाला कोट्यवधी वेळा बदलतं. पट्टे उमटतात आणि आपण बघायच्या आत जागा बदलतात, आपल्याला सगळ्यांची सरासरी दिसते, सपाट उजेड. म्हणून यंगनं एकच छिद्र घेतलं. एकाच कवडशाचे दोन भाग करून, त्यांना दोन वाटांनी पाठवून, परत एकमेकांना भेटवलं. प्रकाशाची गाठ प्रकाशाशी घालायची तर दोघांचा उगम एकच हवा. मला वाटतं, त्याची खरी करामत ही आहे.

त्याला शाबासकी मिळाली नाही. 'एडिंबरा रिव्ह्यू' या नियतकालिकात हेन्री ब्रूमनं, निनावी लेखांतून, त्याच्यावर कडाडून टीका केली. प्रकाश कणांचा आहे असं न्यूटननं म्हटलेलं असताना हा कोण, असा एकूण सूर. यंगनं उत्तरादाखल एक पुस्तिका छापली, तिची एकच प्रत खपली असं सांगतात. मला यात सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं की यंगनं लाटांच्या लांबीचे आकडे काढले होते ते न्यूटननंच केलेल्या पातळ थरांतल्या रंगांच्या मोजमापांवरून, आणि ते आजच्या आकड्यांच्या अगदी जवळ आहेत. न्यूटनचं सगळ्यात बारकाईनं वाचन केलेल्या माणसाला न्यूटनच्या नावानं झोडपलं गेलं.

दाद पुढे फ्रान्समध्ये लागली. ओग्युस्तँ फ्रेनेलनं १८१८ मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीच्या स्पर्धेसाठी लाटांचं गणित मांडलं. परीक्षकांमधल्या प्वासाँला ते मान्य नव्हतं. त्यानं त्याच गणितातून दाखवून दिलं की असं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोब्बर मध्यभागी उजेडाचा ठिपका पडायला हवा. कडेच्या प्रत्येक बिंदूपासून मधलं अंतर सारखं, म्हणजे तिथे सगळ्या लाटा एका तालात येणार. हे त्याला हास्यास्पद वाटलं. परीक्षकांमधल्याच आरागोनं प्रयोग करून पाहिला, आणि ठिपका होता.

---

लाटांनी केलेला काळोख किती कामाचा असतो याचं माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण लायगोचं, म्हणजे गुरुत्वीय लाटा टिपणाऱ्या वेधशाळेचं आहे. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे एकमेकींना काटकोनात असलेल्या, ४-४ किलोमीटर लांबीच्या नळ्या आहेत. एकच लेझरचा झोत दुभंगून दोन नळ्यांत पाठवतात, टोकाच्या आरशांवरून तो परत येतो आणि दोन भाग पुन्हा भेटतात. यंत्रणा अशी लावलेली असते की जिथे बघायचं तिथे त्यांनी एकमेकांना जवळजवळ पूर्ण खोडावं. मग बसून त्या काळोखावर लक्ष ठेवायचं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लिव्हिंग्स्टनचा तो काळोख थरथरला, आणि ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डचा. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती. तिथून निघालेल्या गुरुत्वीय लाटेमुळे नळ्यांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्याही शेकडो पट लहान होता. भगभगीत उजेडात एवढासा फरक कुणाला दिसला असता? काळोखात तो दिसला.

लाटांच्या धड्याच्या दिवशी वर्गात काय झालं ते ताईनं संध्याकाळी सांगितलं. लाल गाठ मुलांना आवडली. एका मुलीनं विचारलं, सरळ झालेली स्प्रिंग नेमकी त्या क्षणी हातानं पकडली तर? ताई म्हणाली, पकडून बघ. मुलीनं पकडली आणि तिच्या तळव्याला दोन्हीकडून दणका बसला.

मग आम्ही साबणाचं पाणी केलं. तारेची वाटीच्या तोंडाएवढी कडी वाकवली, पाण्यात बुडवून उभी धरली आणि मागचा दिवा विझवून समोरचा चालू ठेवला. पडदा ओघळून वरून पातळ होत जातो. आधी हिरव्या-गुलाबी पट्ट्या खाली सरकल्या, मग वरच्या कडेला पिवळसर, मग रुपेरी पांढरं, आणि मग त्या पांढऱ्याच्या वर एकदम काळं. मधे करडं काही नाही, कातरीनं कापावी तशी कड. तिथे पडदा काही दशक नॅनोमीटर उरलेला असतो, कुठल्याही रंगाच्या लाटेपेक्षा कितीतरी पातळ. पुढच्या अंगावरून परतणारी लाट उलटी होते, मागच्या अंगावरून परतणारी होत नाही, आणि दोघींमधे अंतर असं राहिलेलंच नसतं. सगळे रंग एकदम खोडले जातात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, पडदा वरून फुटला, तिथे भोक पडलं.

"फुटला," मी म्हटलं.

"फुंकर घाल," ताई म्हणाली. "हळू."

काळ्या भागातून पलीकडची ती स्वच्छ दिसत होती. मी हळूच फुंकर घातली. काळं तिच्या बाजूला फुगलं, त्याची कड थरथरली, खाली दबली आणि पुन्हा वर आली.